कापसाच्या मुलखात सुती सदरा

शेतात घालायला एक सदरा हवा, एवढीच माझी मागणी होती. सुती, सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाहीचा आणि काट्याकुट्यात अडकला तरी लगेच न फाटणारा. ही मागणी मी काही राजस्थानच्या वाळवंटात राहून केली नव्हती. परभणी जिल्ह्यात राहून केली होती, जिथं दिवाळीनंतर सेलूच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांमुळं माणसाला चालायला जागा उरत नाही आणि जिनिंगसमोरून गेलं की पांढऱ्या भुवया घेऊन घरी यावं लागतं. तरीही हा एक सदरा अंगावर येईपर्यंत माझ्यावर वाळूचा पंचनामा झाला, सेलूच्या एका दुकानातून मला बाहेर काढण्यात आलं आणि मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिलो. यातलं एकही काम मी स्वतः केलेलं नाही. ती माझ्या कपड्यांनी केली.

गेल्या उन्हाळ्यात रानात पऱ्हाट्या उपटताना मला चक्कर आली. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली वाळकी झाडं. ती चिमट्यात धरून मुळासकट ओढायची असतात. एक झाड माझ्याहून हट्टी निघालं आणि मी आडवा झालो. मला मोटारसायकलवर मधे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावरचा हिरवा चकचकीत शर्ट चिमटीत धरून विचारलं, "आजोबा, हा शर्ट आहे का खताची पिशवी?"

तो पुतण्याच्या लग्नातला आहेर होता. पण आजारी माणसानं किती खुलासे करावेत.

समोरच्या भिंतीवर उन्हाळ्यात काय घालावं याचा कागद चिकटवला होता. मी अक्षरं चाळिशी ओलांडल्यावर शिकलो, कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी असताना. उशिरा शिकलेल्या माणसाला एक खोड असते. छापलेलं दिसलं की तो पुरतं वाचतो आणि पुरतं खरं मानतो. सलाईन संपेपर्यंत माझा तो कागद पाठ झाला होता. सुती, सैल, फिका, पूर्ण बाही. त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं की हे मिळतं कुठं.

माझा मुलगा परमेश्वर परभणीत शिक्षक आहे. त्यानं या पाडव्याला जाहीर केलं, "आबा, आता बस. शेत ठोक्यानं, वर्षाच्या बोलीवर, देऊन टाकू. माणिककाका घ्यायला तयार हायेत."

तयार असणारच. माणिकराव माझा चुलतभाऊ. त्याचं शेत माझ्या बांधाला लागून आहे आणि माझ्या शेतावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. बऱ्याच घासाघाशीनंतर असं ठरलं की आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, मी एकट्यानं, हातानं, चक्कर न येता रान मोकळं करून दाखवावं. दाखवलं तर शेत माझ्याकडं. नाही तर माणिकरावाकडं. ट्रॅक्टर लावणार नाही, हे मी रागाच्या भरात बोलून गेलो होतो आणि परमेश्वरनं ते लगेच धरून ठेवलं. शिक्षकांपुढं जपून बोलावं.

शेत गेलं तर दिवसभर मी काय करणार, हे कोणी विचारलं नाही. अशी माणसं मी रोज बघतो. ती पारावर बसून एसटीची वाट बघतात आणि एसटी आली की कोण उतरलं ते एकमेकांना सांगतात. दोघांनाही ते दिसलेलं असतं.

तर सदरा. मी घरात विषय काढला तेव्हा कस्तुराबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली. आमच्याकडं लग्नात पुरुषांना शर्ट-पँटचे पीस देतात. ते शिवायचे नसतात. ते पुढच्या लग्नात द्यायचे असतात. एक करडा पीस आमच्या घरातून निघाला, सगळी भावकी फिरला आणि परत आमच्याच घरी आला. कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून कस्तुराबाईनं त्याला ओळखलं आणि माहेरी आलेल्या लेकीसारखा आत ठेवला. ही सगळी कापडं अत्यंत टिकाऊ आहेत यात शंका नाही, कारण ती आजवर कोणी घातलेलीच नाहीत.

"पेटी भरून कापड पडलंय आन् तुमी इकत आणायलाव?"

"ह्याच्यातून हवा जात न्हाई."

"आजवर कुणाच्या सदऱ्यातून हवा गेली? तुमच्या बापाच्या?"

एवढं बोलून ती खुरपायला निघाली. निघताना तिनं लुगड्यावरून पुरुषाचा जुना सदरा चढवला. आमच्याकडच्या सगळ्या बाया रानात तसा चढवतात, हात भाजत नाहीत म्हणून. मी तो सदरा नीट पाहिला. जाड मांजरपाट, सैल, फिका, पूर्ण बाहीचा. भिंतीवरचा कागद चालत निघाला होता.

"आवं, हा माझा सदरा हाय. कालव्यावरचा."

"होता."

"मला हाच पायजे."

"गुंड्या मी लावल्या. कोपराचं ठिगळ माझ्या लुगड्याचं. कॉलर मी काढून टाकली. ह्यात तुमचं काय राह्यलं?"

मी ठिगळ बघेपर्यंत ती वेशीपर्यंत पोचली होती.

समोरच्या घरात नागसेन राहतो. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त आहे. निवृत्त कंडक्टरला गावातली सगळी माणसं अजून प्रवासीच वाटतात आणि कोणी कुठं बसावं हे तो सांगत असतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दत्तराव, इतकं हिंडायची गरज न्हाई. खाकी घाला. आख्खी नोकरी मी ह्या खाकीत काढली. वरून ऊन, खालून इंजिन, चारी बाजूंनी प्रवासी. एक टाका उसवला न्हाई."

त्यानं जुना गणवेश दिला. कंडक्टरच्या पोटाला बसेल असा होता, त्यामुळं सैलपणाची अट पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तो घालून रानात गेलो आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. काम भराभर होत होतं. पाठ भरून आली तेव्हा मी पऱ्हाट्यांतून सरळ उभा राहिलो, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात लोखंडी चिमटा.

नेमका त्याच वेळी पाणंदीनं वाळूचा ट्रॅक्टर आला. उजाडताना वाळू कशी येते आणि खाकीला बघून ती कशी पळते, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ड्रायव्हरनं मला पाहिलं. मीही त्याला पाहिलं आणि शेजारधर्म म्हणून हात वर केला. त्या हातात चिमटा होता. त्यानं जागेवर ट्रॉली उचलली, सगळी वाळू माझ्या बांधावर ओतली आणि असा पळाला की त्याच्या डोक्यावरची टोपी माझ्या रानात पडली. ती सुती नव्हती.

दुपारी तलाठीबाई आल्या. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण एवढं म्हणेपर्यंत त्या निघून जातात, म्हणून गावात अजून तलाठीच चालतं.

"काका, वाळू कोणाची?"

"मला ठावं न्हाई."

"शेत कोणाचं?"

"माझं."

"शेत तुमचं, मग वाळू कोणाची?"

"ट्रॅक्टरवाल्यानं टाकली. मला बघून पळाला."

"तुम्हाला बघून कशाला पळेल तो?" असं म्हणून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि हा गणवेश कुठला? तुम्ही कोणत्या खात्यात आहात?"

"म्याडम, मी शेतात हाय," मी म्हणालो. याच्यापेक्षा खरं वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

पंचनामा म्हटलं की पंच लागतात. एरवी आमच्या गावात पंच शोधायला अर्धा दिवस जातो. माणिकराव हाक न मारता आला. त्यानं सुरेख सही केली आणि सही करता करता माझ्या उभ्या पऱ्हाट्यांकडं असं बघितलं, जसं भाड्यानं खोली बघायला आलेला माणूस भिंतीकडं बघतो.

"आण्णा, उन्हात फार राहू नका," तो जाताना म्हणाला. त्याच्या आवाजातली काळजी ऐकून माझं डोकं जास्त तापलं.

खुलासा द्यायला सेलूच्या तहसीलला जावं लागलं. ज्या साहेबांना खुलासा द्यायचा ते दौऱ्यावर होते. कुठं, असं विचारलं तर शिपाई म्हणाला, वाळूच्या मागं. आलोच आहे तर कापड बघावं म्हणून मी बाजारात शिरलो. नागसेन बरोबर होता. खाकीची भरपाई म्हणून तो आला होता आणि येताना नवी विद्या घेऊन आला होता. कापडाचा धागा काढायचा, काडीनं पेटवायचा. कागदासारखा वास आला आणि राख झाली तर सुती. वितळून मणी झाला तर मिसळ.

दुकानात प्रत्येक ताग्यावर शंभर टक्के कॉटन अशी चिठ्ठी होती. माझा तर लगेच विश्वास बसला, पण नागसेननं माझा हात धरला. आम्ही गादीवर बसलो आणि एकेका ताग्याचा धागा पेटवू लागलो. शेठ पान चघळत बघत होते. एकामागून एक मणी होत गेले. इतके मणी झाले की पोत ओवता आली असती. मग शेठनं, उकाडा होतोय म्हणून, पंखा आमच्याकडं फिरवला. पेटता धागा उडाला आणि आम्ही बसलो होतो त्या गादीच्या पांढऱ्या चादरीवर पडला. चादरीला भोक पडलं. त्याभोवती भुरभुरीत राख झाली आणि कागद जळल्याचा स्वच्छ वास आला.

"नागसेन, हे सुती हाय," मी म्हणालो.

नागसेननं वास घेऊन मान डोलावली.

मी शेठकडं वळलो. "शेठ, दुसरं काही नको. ही चादर द्या."

आम्हाला बाहेर काढताना ते काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. सेलूसारख्या व्यापारी गावात गिऱ्हाइकाला असं बोललेलं मी प्रथमच ऐकलं.

शेवटी खादीच्या दुकानात गेलो. तिथं एक माणूस कापड दाखवतो, दुसरा मोजतो, तिसरा पावती करतो, चौथा शिक्का मारतो आणि पाचवा जेवायला गेलेला असतो. कापड त्याच्याच ताब्यात असतं. तो परत येईपर्यंत आम्ही भिंतीला टेकून एक झोप काढली. जाड कापडात फक्त पांढरा रंग शिल्लक होता. फिकाच हवा होता, पांढऱ्यापेक्षा फिकं काय असणार, असा विचार करून मी घेतलं. इथं माझी चूक झाली. दवाखान्यातल्या कागदाला आमचं गाव माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या गावात महारुद्र शिंपी आहे. कापड हातात घेताच त्यानं मशीन थांबवलं, चष्मा वर केला आणि आवाज खाली आणला.

"कोणतं पॅनल?"

"कसलं पॅनल? शेतात घालायचा सदरा शिव. एक खिसा, तंबाखूपुरता."

"बरं बरं," असं म्हणून त्यानं डोळा मिचकावला. पांढरी खादी कोणी शेतासाठी शिवतं हे त्याच्या उभ्या धंद्यात घडलेलं नव्हतं. त्यानं मोबाईलचा, पेनचा आणि कागदपत्रांचा असे तीन खिसे लावले, कॉलरमधे कडक अस्तर घातलं आणि मी न सांगता खळ घालून अशी इस्त्री केली की सदरा कोपऱ्यात ठेवला तर उभा राहिला असता. घडी मोडताना आवाज झाला.

तो घालून मी सकाळी चिमटा खांद्यावर टाकून निघालो. पहिला रामराम दूधवाल्यानं घातला. तो आजवर मला ओळखही दाखवत नव्हता. मग हॉटेलवाल्यानं बाकावरून उठून जागा दिली. एकानं रस्त्यात पाय धरले आणि घरकुलाच्या यादीत नाव कसं राहून गेलं ते सांगितलं. मी म्हणालो, मला त्यातलं काही कळत न्हाई. तो म्हणाला, निवडून आल्यावर कळेल.

रानात पोचेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. तिथंही सुख नाही. पाणंदीनं जाणारा प्रत्येक जण थांबून आवाज देई, "आण्णा, लय चांगलं केलं." मी काय चांगलं केलं ते विचारायला पाठ सरळ करी, तेवढ्यात तो पुढं गेलेला असे. मी उभा नाही हे मी जितक्या माणसांना सांगितलं, तितक्यांची खात्री पक्की होत गेली. कारण आजवर जेवढे लोक उभे राहिले, त्या सगळ्यांनी सुरुवातीला हेच सांगितलं होतं. पऱ्हाट्या मात्र खरोखरच उभ्या होत्या आणि आखिती जवळ येत होती.

तलाठीबाई वाळू मोजायला परत आल्या तेव्हा मला बघून दचकल्या. "काका, आपण बसा ना," म्हणाल्या. त्यांनी मला आपण म्हटलं.

पुढं एका संध्याकाळी माणिकराव घरी आला. चपला बाहेर नीट जोडून काढल्या. चहा अर्धा झाल्यावर बोलला.

"आण्णा, मला तर सांगायचं व्हतं. वार्डात आपली भावकी. मी उभं राहायलाव हे तुमाला ठावं हाय. तुमी बी उभं राह्यलात तर मतं फुटत्यात आन् तिसराच निवडून येतोय."

"माणिक, मी उभा न्हाई."

"आसं समदेच म्हणत्यात."

"आरं, हा सदरा शेतासाठी शिवलाय."

"शेतासाठी," माणिकराव म्हणाला. "खळ घालून. तीन खिशांचा."

माझा संताप मस्तकात गेला होता. मी त्याला भिंतीवरच्या कागदापासून सगळं सांगणार होतो, तेवढ्यात आतून कस्तुराबाईचा आवाज आला.

"भावजी, त्यांचं मन वळंल. पण त्यांना रिकामं बसायची सवय न्हाई. शेत हाताखाली आसलं की त्यांना दुसरं काही सुचत न्हाई. शेत गेल्यावर माणूस काय करंल, राजकारणच करंल की."

माणिकरावानं बशी खाली ठेवली. बशीतला चहा थंड झाला.

"परमेश्वरला मी सांगतो," तो म्हणाला. "मला काही शेत झेपायचं न्हाई."

"आन् वाळूच्या कागदावर पंच म्हणून तुमी हायेत," आतून परत आवाज आला. "ट्रॅक्टरची चाकोरी तुमी बी बघितली असंल."

"बघितली, वहिनी. चांगली बघितली. उद्याच सेलूला जाऊन सांगतो."

अशा रीतीनं मी ज्या निवडणुकीला उभा नव्हतो तिच्यातून माघार घेतली. माणिकरावाचा चेहरा खुलला. उठताना तो मोकळेपणानं म्हणाला, "तशी तुमाला मतं तरी किती पडली असती म्हणा."

"पडली असती की," मी म्हणालो.

"कुणाची?" कस्तुराबाईनं आतून विचारलं.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. उभं न राहणं वेगळं आणि मतं न पडणं वेगळं.

बरं, यानं परमेश्वर गप्प बसेल असं वाटलं होतं. तो फोनवर म्हणाला, "काका नको म्हणायलेत. मी दुसरा बघतो. ठरलं ते ठरलं, आखितीला येतो." म्हणजे इतकी लढाई जिंकून मी जिथं होतो तिथंच होतो, पऱ्हाट्यांत.

मग मी पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि ऊन उतरल्यापासून दिसेनासं होईपर्यंत उपटत राहिलो. खळ पहिल्याच दिवशी घामात विरघळली आणि गळ्यावर डिंकासारखी बसली. कॉलरचं अस्तर मी दातानं फाडून काढलं. पेनाचा खिसा एका फांदीनं नेला, कागदपत्रांचा खिसा चिमटा पुसायला कामी आला. कस्तुराबाई रोज संध्याकाळी सदरा दगडावर असा आपटायची की शेजारच्या माणसाला आमचं भांडण चाललंय असं वाटावं. हळूहळू कापड मऊ पडलं, मातीचा रंग धरला आणि उन्हात थंड लागायला लागलं. चक्कर आली नाही. गावात रामरामही आला नाही. दूधवाला पुन्हा ओळख दाखवेना.

आखितीच्या दिवशी सकाळी परमेश्वर आला. घरी आमरसाची तयारी चालली होती, तो तसाच रानात आला. माझी शेवटची ओळ चालली होती, म्हणून मी मान वर केली नाही. तो बांधावर उभा राहून मोकळ्या रानाकडं बघत राहिला. मला वाटलं, कुठं एखादं झाड राहिलंय का ते शोधतोय.

तेवढ्यात पाणंदीवर एक मोटारसायकल थांबली. पलीकडच्या गावाला आखितीच्या जेवणाला निघालेला कोणी पाहुणा होता. त्यानं मोकळं रान पाहिलं, माझी पाठ पाहिली आणि परमेश्वरला विचारलं, "सर, सालगडी लय भारी मिळाला हो तुमाला. आजकाल आसं हातानं कोण करतंय?"

मी सरळ होऊन दोन शब्द सुनावणार होतो. पण झाड अर्धं निघालं होतं.

"हाय खरा चांगला," परमेश्वर म्हणाला.

"कितीला धरला?"

"जेवणावर."

"जेवणावर? मग पुढल्या साली आमच्याकडं द्या की त्याला."

"न्हाई," परमेश्वर म्हणाला. "पुढल्या साली बी तो हितंच हाय."